मूत्रपिंडातील लहान गाठ : अवस्था, उपचार आणि हाती असलेला वेळ



वार्षिक अहवालात जमाखर्च आणि रुग्णसेवेचा आढावा यांच्या जोडीने एखाद्या आजाराची साधार माहिती आपल्यापुढे ठेवावी, या हेतूने हा अभ्यासलेख सादर करीत आहोत. यंदाचा विषय आहे मूत्रपिंडातील, म्हणजेच किडनीतील, लहान गाठ. हा विषय निवडण्यामागे कारण आहे. अशा गाठीचे निदान बहुधा अनपेक्षितपणे होते. मुतखड्यासाठी, पित्ताशयासाठी किंवा प्रोस्टेटच्या त्रासासाठी सोनोग्राफी केली जाते आणि अहवालात एक ओळ येते : ‘उजव्या मूत्रपिंडाच्या खालच्या टोकास अडीच सेंटिमीटरची घन गाठ.’ त्या एका ओळीने सारे घर हादरते. कोणी म्हणते, उद्याच्या उद्या किडनी काढून टाका. कोणी म्हणते, चाकू लागला की आजार पसरतो, हातच लावू नका. दोन्ही सल्ले आपुलकीपोटी दिलेले असतात आणि दोन्ही घातक ठरू शकतात. लहान गाठीच्या बाबतीत रुग्णाजवळ विचार करण्यास पुरेसा वेळ असतो, तो वेळ योग्य मोजमापासाठी वापरावा, आणि शक्य तेथे मूत्रपिंड वाचवावे, हेच या लेखाचे सांगणे आहे.

मूत्रपिंडाची थोडक्यात ओळख

पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंस, बरगड्यांच्या आडोशाला, घेवड्याच्या दाण्याच्या आकाराची दोन मूत्रपिंडे असतात. प्रत्येकाची लांबी साधारण १० ते १२ सेंटिमीटर. एका मूत्रपिंडात सुमारे १० लाख सूक्ष्म गाळण्या असतात. दोन्ही मूत्रपिंडे मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातील जवळजवळ सर्व पाणी शरीराला परत देऊन दीड-दोन लिटर मूत्र तयार करतात. रक्तदाबाचे नियंत्रण, रक्तनिर्मितीला चालना आणि हाडांचे आरोग्य यांतही त्यांचा वाटा असतो. एकदा नष्ट झालेल्या गाळण्या पुन्हा निर्माण होत नाहीत. उपचाराचा पुढील सारा विचार या एका गोष्टीवर आधारलेला आहे.

प्रत्येक गाठ कर्करोगाची असते का?

नाही. प्रथम पाण्याच्या साध्या पुटीचा, म्हणजे ‘सिस्ट’चा, विचार करू. उतारवयात अशा पुट्या अनेकांच्या मूत्रपिंडांत आढळतात आणि साध्या पुटीला सहसा कोणताही उपचार लागत नाही. घन गाठीचा प्रश्न वेगळा आहे. चार सेंटिमीटरपर्यंतच्या घन गाठी शस्त्रक्रियेने काढून तपासल्या असता त्यांपैकी सुमारे पाचांत एक गाठ निरुपद्रवी निघते, असा जगभरातील शल्यचिकित्सकांचा अनुभव आहे. त्यांत ‘ऑन्कोसायटोमा’ आणि चरबीयुक्त ‘अँजिओमायोलायपोमा’ हे दोन प्रकार प्रमुख होत. गाठ जितकी लहान, तितकी ती निरुपद्रवी असण्याची शक्यता अधिक.

उरलेल्या गाठी बहुतांशी मूत्रपिंडाच्या कर्करोगाच्या असतात. तरीही चार सेंटिमीटरपर्यंतच्या गाठींपैकी पुष्कळशा संथ गतीने वाढतात. निरीक्षणाखाली ठेवलेल्या अशा गाठींची सरासरी वाढ वर्षाला सुमारे ०.३ सेंटिमीटर, म्हणजे तीन मिलिमीटर, इतकी आढळली आहे, आणि काही गाठी वर्षभरात मुळीच वाढत नाहीत. निरीक्षणाच्या पहिल्या काही वर्षांत आजार अन्यत्र पसरल्याचे प्रमाण शेकडा एक-दोन इतके अल्प आहे. म्हणूनच निदान झाल्यावर दोन-चार आठवडे तपासण्यांत आणि दुसऱ्या तज्ज्ञाचा सल्ला घेण्यात गेले, तर ते वाया गेले असे मानू नये. मात्र हा दिलासा लहान गाठीपुरताच आहे, हे विसरू नये.

अवस्था कशी ठरते?

कर्करोगाची अवस्था म्हणजे तो कोठपर्यंत पोहोचला आहे याचे मोजमाप. त्यासाठी जगभर ‘टी-एन-एम’ ही पद्धत वापरतात. ‘टी’ हे अक्षर मूळ गाठीसाठी, ‘एन’ जवळच्या लसिकाग्रंथींसाठी आणि ‘एम’ दूरच्या अवयवांतील प्रसारासाठी. मूत्रपिंडाच्या बाबतीत या तिन्हींवरून चार अवस्था ठरतात.

पहिली अवस्था : गाठ ७ सेंटिमीटरपर्यंत आणि पूर्णतः मूत्रपिंडातच. यात दोन पोटभाग आहेत. ४ सेंटिमीटरपर्यंतच्या, म्हणजे फार तर लिंबाएवढ्या गाठीस ‘टी-१-ए’ म्हणतात, तर ४ ते ७ सेंटिमीटरच्या गाठीस ‘टी-१-बी’.

दुसरी अवस्था : गाठ ७ सेंटिमीटरहून मोठी, परंतु अद्याप मूत्रपिंडाबाहेर गेलेली नाही.

तिसरी अवस्था : गाठ मूत्रपिंडाच्या शिरेत किंवा भोवतालच्या चरबीत शिरली आहे, अथवा जवळच्या लसिकाग्रंथींत आजार पोहोचला आहे.

चौथी अवस्था : मूत्रपिंडाभोवतीचे बाहेरचे आवरण ओलांडून आजार पुढे गेला आहे, अथवा फुप्फुस, हाड, यकृत, मेंदू अशा दूरच्या अवयवांत पसरला आहे.

येथे एक बाब आवर्जून नमूद करावीशी वाटते. केवळ आकारावरून अवस्था ठरत नाही. तीन सेंटिमीटरची गाठ शिरेत शिरली असेल तर ती तिसऱ्या अवस्थेत गणली जाते. म्हणून सोनोग्राफीतील आकडा वाचून घरच्या घरी निष्कर्ष काढू नये.

सेंटिमीटरच्या या सीमाही अनुभवाने बदलत आल्या आहेत. १९८७च्या वर्गीकरणात ‘टी-१’ची मर्यादा अवघी २.५ सेंटिमीटर होती. १९९७मध्ये ती ७ सेंटिमीटरवर नेण्यात आली, आणि २००२मध्ये ४ सेंटिमीटरपाशी रेघ ओढून पहिल्या अवस्थेचे दोन भाग करण्यात आले. चार सेंटिमीटरपर्यंतची गाठ मूत्रपिंड राखून काढली, तरी कर्करोगावरील नियंत्रण संपूर्ण मूत्रपिंड काढण्याइतकेच चांगले राहते, असे तोवर दिसून आले होते. पहिल्या अवस्थेतील अशा लहान गाठीवर योग्य उपचार झाल्यास पाच वर्षांनंतर शंभरांपैकी ९५हून अधिक रुग्ण या कर्करोगाच्या मृत्यूपासून सुरक्षित असतात.

तपासण्या : कोणत्या आणि कशासाठी

सोनोग्राफी गाठ दाखवते, तिचे स्वरूप मात्र पुरते सांगत नाही. त्यासाठी शिरेतून औषध देऊन केलेला सी. टी. स्कॅन आवश्यक असतो. औषध देण्यापूर्वीची आणि नंतरची चित्रे ताडून पाहतात. औषधानंतर गाठ उजळली तर तिला रक्तपुरवठा आहे, म्हणजेच ती घन आहे, असे समजते. गाठीत चरबी दिसली तर ती बहुधा निरुपद्रवी अँजिओमायोलायपोमा असते. ज्यांना हे औषध चालत नाही त्यांच्यासाठी एम. आर. आय.चा पर्याय असतो. स्कॅनपूर्वी रक्तातील क्रिएटिनिन तपासून घ्यावे, आणि मधुमेहाच्या गोळ्या चालू असल्यास ते डॉक्टरांना आधीच सांगावे. फुप्फुसांसाठी छातीचा एक्स-रे किंवा सी. टी. करतात. हाडांचे दुखणे वा अन्य लक्षण नसेल तर लहान गाठीसाठी हाडांचा स्कॅन सहसा लागत नाही.

बायॉप्सी, म्हणजे सुईने गाठीचा तुकडा काढून तपासणे, प्रत्येकाला आवश्यक नसते. उत्तरावरून उपचार बदलणार असेल, तेव्हाच तिचा उपयोग. सुईमुळे आजार पसरतो ही भीती सर्वत्र आढळते, परंतु आजच्या पद्धतीत असे घडणे अत्यंत विरळ आहे. मात्र सुमारे दहांत एका वेळी तुकड्यावरून स्पष्ट निदान होत नाही, याची कल्पना रुग्णास आधी द्यावयास हवी.

उपचाराचे चार मार्ग

संपूर्ण मूत्रपिंड काढण्याची पहिली नियोजित शस्त्रक्रिया जर्मनीतील हायडेलबर्ग येथे गुस्टाफ सिमोन यांनी १८६९मध्ये केली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, भोवतालच्या चरबीसह संपूर्ण मूत्रपिंड काढणे हाच या कर्करोगावरील सर्वमान्य उपचार होता. त्या काळात गाठी सापडत त्याच मोठ्या झाल्यावर, त्यामुळे तो योग्यही होता. सोनोग्राफी आणि सी. टी. स्कॅन सर्वत्र पोहोचल्यावर लिंबाएवढ्या, बोराएवढ्या गाठी दिसू लागल्या, आणि बोराएवढ्या गाठीसाठी सबंध मूत्रपिंड का गमवावे, हा प्रश्न उभा राहिला.

पहिला मार्ग : केवळ गाठ काढणे. यास आंशिक शस्त्रक्रिया म्हणतात. गाठ आणि तिच्या कडेचा निरोगी भागाचा पातळ थर काढून उर्वरित मूत्रपिंड शिवून ठेवतात. त्यासाठी मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा थोडा वेळ थांबवावा लागतो, आणि तो काळ साधारण २५ मिनिटांच्या आत राहावा असा शल्यचिकित्सकांचा प्रयत्न असतो. ही शस्त्रक्रिया पोट उघडून, दुर्बिणीद्वारे किंवा यंत्रमानवाच्या साहाय्याने करता येते. पद्धत कोणती यापेक्षा करणारा हात सरावलेला आहे का, हे अधिक महत्त्वाचे. रक्तस्राव आणि शिवलेल्या जागेतून मूत्र झिरपणे हे तिचे दोन धोके होत, व ते संपूर्ण मूत्रपिंड काढण्याच्या तुलनेत थोडे अधिक आहेत. लहान गाठीसाठी शक्य तेथे आज हाच मार्ग प्रथम विचारात घेतला जातो.

दुसरा मार्ग : संपूर्ण मूत्रपिंड काढणे. गाठ मध्यभागी, मुख्य रक्तवाहिन्यांना चिकटून असेल आणि आंशिक शस्त्रक्रिया सुरक्षित नसेल, तर हा मार्ग स्वीकारावा लागतो.

तिसरा मार्ग : सुईद्वारे गाठ जाळणे किंवा गोठवणे. सी. टी. अथवा सोनोग्राफीच्या साहाय्याने गाठीत सुई नेऊन उष्णतेने किंवा अतिशीत तापमानाने ती नष्ट करतात. तीन सेंटिमीटरपर्यंतच्या गाठी आणि भूल वा मोठी शस्त्रक्रिया न झेपणारे रुग्ण यांच्यासाठी हा पर्याय उपयुक्त आहे. गाठ त्याच जागी पुन्हा उद्भवण्याची शक्यता शस्त्रक्रियेपेक्षा काहीशी अधिक असते, मात्र गरज पडल्यास हा उपचार पुन्हा करता येतो.

चौथा मार्ग : सक्रिय निरीक्षण. याचा अर्थ दुर्लक्ष असा मुळीच नाही. ठरलेल्या मुदतीने, आरंभी दर तीन ते सहा महिन्यांनी, स्कॅन करून गाठ मोजली जाते. वाढ वर्षाला अर्ध्या सेंटिमीटरहून अधिक झाली किंवा गाठ तीन-चार सेंटिमीटरपलीकडे गेली, तर उपचाराचा निर्णय घेतात.

लहान गाठ पूर्णपणे काढल्यावर केमोथेरपी द्यावी लागत नाही. नातेवाईकांच्या मनात कर्करोग म्हणजे केस गळणे असे समीकरण असते, म्हणून हे स्पष्ट सांगणे आवश्यक वाटते.

एक मूत्रपिंड पुरते, मग काढले तर काय बिघडले?

हा प्रश्न आम्हांस नेहमी विचारला जातो. लोक किडनी दान करतात आणि उत्तम जगतात, हे खरेच आहे. परंतु दात्याची निवड कसून तपासणी करून होते. गाठीचा रुग्ण बहुधा उतारवयातला असतो आणि त्याला अनेकदा रक्तदाब वा मधुमेह असतो. न्यूयॉर्क येथील एका मोठ्या कर्करोग रुग्णालयाने २००६मध्ये ६६२ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. या सर्वांची गाठ चार सेंटिमीटरपर्यंतची होती, क्रिएटिनिन सामान्य होते आणि दोन्ही मूत्रपिंडे शाबूत होती. तरीही त्यांपैकी २६ टक्के रुग्णांची मूत्रपिंडाची कार्यशक्ती आधीच उणावलेली आढळली. शस्त्रक्रियेनंतर तीन वर्षांनी, मूत्रपिंडाची कार्यशक्ती उणावण्यापासून बचावलेल्यांचे प्रमाण आंशिक शस्त्रक्रियेच्या गटात ८० टक्के, तर संपूर्ण मूत्रपिंड काढलेल्या गटात ३५ टक्के होते.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. युरोपात ५४१ रुग्णांवर झालेल्या आणि २०११मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, आंशिक शस्त्रक्रियेमुळे आयुर्मान वाढल्याचे दिसले नाही. दहा वर्षांनंतर हयात असलेल्यांचे प्रमाण संपूर्ण मूत्रपिंड काढलेल्या गटात सुमारे ८१ टक्के, तर आंशिक गटात सुमारे ७६ टक्के होते. त्या चाचणीतील ११७ मृत्यूंपैकी मूत्रपिंडाच्या कर्करोगाने झालेले मृत्यू अवघे १२ होते. उरलेल्यांचे आयुष्य प्रामुख्याने इतर व्याधींनी संपले. यावरून आम्ही इतकाच बोध घेतो की लहान गाठीच्या रुग्णाला गाठीइतकाच, किंबहुना अधिक, धोका त्याच्या हृदयाच्या, रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या दुखण्यांपासून असतो. संपूर्ण मूत्रपिंड काढावे लागले म्हणून कोणी खचून जाऊ नये, आणि ते वाचणे शक्य असता कोणी घाईने गमावू नये.

एकच गाठ, तीन रुग्ण

उदाहरणादाखल अडीच सेंटिमीटरची एकच गाठ तीन काल्पनिक रुग्णांत आहे असे समजू.

पहिल्या रुग्ण ४५ वर्षांच्या, निरोगी, घर आणि शेत दोन्ही सांभाळणाऱ्या ताई. पुढे तीन-चार दशकांचे आयुष्य आहे. इतकी वर्षे गाठ नुसती पाहत बसणे उचित नाही, आणि इतकी वर्षे एकाच मूत्रपिंडावर काढावी लागणे टाळता आले तर उत्तम. यांच्यासाठी आंशिक शस्त्रक्रिया.

दुसरे ६२ वर्षांचे यंत्रमाग कामगार. पंधरा वर्षांचा मधुमेह, रक्तदाब, क्रिएटिनिन १.८. यांचे संपूर्ण मूत्रपिंड काढल्यास कर्करोग जाईल, पण काही वर्षांत डायलिसिसची पाळी येऊ शकेल. येथे मूत्रपिंडाचा प्रत्येक निरोगी भाग मोलाचा आहे. गाठीच्या जागेप्रमाणे आंशिक शस्त्रक्रिया किंवा सुईद्वारे उपचार.

तिसरे ८२ वर्षांचे आजोबा. हृदयाची एक शस्त्रक्रिया झालेली, चालताना दम लागतो. यांच्यासाठी निरीक्षण हाच बहुधा सर्वांत शहाणपणाचा उपचार. ‘म्हातारपण म्हणून काही केले नाही’ अशी रुखरुख मुलांनी लावून घेऊ नये. येथे निरीक्षण हाच विचारपूर्वक निवडलेला उपचार आहे.

कागदपत्रे जपा

निरीक्षण असो वा शस्त्रक्रियेनंतरचा पाठपुरावा, सारे काही तुलनेवर चालते. गाठीचा व्यास दोनावरून चार सेंटिमीटर झाला, तर तिचे आकारमान दुपटीने नव्हे, आठपटीने वाढलेले असते. उलटपक्षी २.४ आणि २.६ हा फरक केवळ मोजणीतलाही असू शकतो. म्हणून जुन्या स्कॅनची फिल्म, सीडी आणि अहवाल जपून ठेवावेत, प्रत्येक भेटीत सोबत आणावेत आणि शक्य तो एकाच प्रकारचा स्कॅन करावा. वळसंगहून सोलापूरला, सोलापूरहून पुण्या-मुंबईला जाताना ही पिशवी घरी राहिली, तर तपासणी पुन्हा करावी लागते, आणि त्याहून वाईट म्हणजे तुलनाच होत नाही. शस्त्रक्रियेनंतर पहिल्या वर्षी आणि त्यापुढे निदान पाच वर्षे नियमित तपासणी आवश्यक आहे. क्रिएटिनिन आणि रक्तदाब तर आयुष्यभर पाहावयाचे.

‘उन्हाळी लागली असेल’

लहान गाठीला सहसा कोणतेही लक्षण नसते. असे असले तरी सरसकट सर्वांनी सोनोग्राफी करून घ्यावी असे आम्ही म्हणत नाही, कारण तसा वैद्यकीय सल्ला नाही. दीर्घकाळ डायलिसिसवर असलेले, आणि ज्यांच्या घराण्यात हा आजार तरुण वयात किंवा अनेकांना झाला आहे, त्यांनी मात्र तपासणी करावी. आपल्या भागात वैशाखात पारा चाळिशी ओलांडतो. लघवी लाल झाली की उन्हाळी लागली असे समजून धण्या-जिऱ्याचे पाणी घेतले जाते. वेदना नसताना लघवीतून रक्त गेले, एकदाच गेले आणि आपोआप थांबले, तरी डॉक्टरांना दाखविलेच पाहिजे. धूम्रपान, स्थूलता आणि उच्च रक्तदाब ही या कर्करोगाची सिद्ध झालेली कारणे आहेत. पैकी विडी-सिगारेट सोडणे आणि रक्तदाबाची गोळी न चुकविणे हे प्रत्येकाच्या हाती आहे.

समाजाचा वाटा

आपल्याच जिल्ह्यातील बार्शी येथे १९८७मध्ये देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. मुंबईत अशी नोंदणी १९६३पासूनच होती. परंतु खेड्यातला रुग्ण रुग्णालयापर्यंत येतच नसे, म्हणून बार्शीच्या कार्यकर्त्यांनी गावोगाव जाऊन लोकांना कर्करोगाची लक्षणे समजावून सांगितली. पुढे त्या भागात गर्भाशयमुखाचा कर्करोग पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत सापडू लागल्याचे दिसून आले. रोग तोच, गावे तीच, केवळ माहिती पोहोचली आणि अवस्था बदलली. मूत्रपिंडाच्या बाबतीतही हा धडा गिरवण्याजोगा आहे.

खर्चाविषयी दोन शब्द. राज्य शासनाची जीवनदायी आरोग्य योजना २०१२मध्ये प्रथम ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत सोलापूर होता. तीच योजना आज महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालते, आणि २०२३मध्ये तिचे संरक्षण पाच लाख रुपयांपर्यंत वाढविण्याचा निर्णय झाला. शस्त्रक्रिया सुचविली गेल्यास नातेवाईकांनी शिधापत्रिका व ओळखपत्र घेऊन प्रथम योजनेतील रुग्णालयाच्या आरोग्यमित्राची भेट घ्यावी. तथापि ही योजना मुख्यतः दाखल होऊन घ्यावयाच्या उपचारांसाठी आहे. सहा महिन्यांनी करावयाचा स्कॅन, त्यासाठीचा प्रवास आणि सोबत्याची बुडालेली मजुरी हा भार बहुधा कुटुंबावरच पडतो. शस्त्रक्रियेसाठी सारे गाव वर्गणी काढते. तिसऱ्या वर्षीच्या स्कॅनसाठी कोणी काढत नाही. निरीक्षणाखालील रुग्ण हरवतो तो येथेच, आणि लहान गाठ मोठी होते तीही येथेच.

देणगीदारांस आमची विनंती याच ठिकाणी आहे. आपल्या दानातून मोठे यंत्र यावे ही इच्छा स्वाभाविक आहे, आणि तिचे आम्ही स्वागतच करतो. त्याबरोबर पाठपुराव्याच्या तपासण्यांसाठीही आपण काही रक्कम राखून ठेवावी. अशा देणगीची पाटी कोठे लावता येत नाही, पण तिच्यामुळे एखाद्या कष्टकऱ्याची मूत्रपिंडे शाबूत राहतात आणि डायलिसिसची वेळ टळते. विश्वस्तांनी या पाठपुराव्याची नोंदवही ठेवण्यास पाठबळ द्यावे आणि नातेवाईकांनी पुढच्या तपासणीची तारीख घरच्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवावी, इतकीच नम्र अपेक्षा.